आधी मोजपट्टी, मग पाना: जुन्या एमटीबीला ड्रॉप हँडल बसवताना

ज्यांच्या घरी नव्वदच्या दशकातली एखादी एमटीबी (माउंटन बाइक) जिन्याखाली पडून आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. पुढे सस्पेन्शन नाही, फ्रेम स्टीलची, चाकं २६ इंची, ब्रेक कॅन्टिलिव्हर (रिमच्या दोन बाजूंना दोन आखूड हात, मधे आडवी वायर), हँडल सरळ. मग ती कुणाच्या मामांनी बाहेरून आणलेली ट्रेक, स्पेशलाइज्ड असो नाहीतर आपली साधी हर्क्युलिस एमटीबी. असल्या सायकली लोक भंगारात किलोच्या भावाने देऊन टाकतात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण नाशिकच्या आजूबाजूला जसे रस्ते आहेत तसे रस्ते मारायला याच्यापेक्षा चांगला सांगाडा कमी पैशात मिळत नाही. त्र्यंबक रोडला अंजनेरीपर्यंत डांबर, आत पायथ्याकडे वळलं की मुरूम आणि खडी. गिरणारेच्या बाजूला द्राक्षबागांमधले रस्ते अर्धे डांबरी अर्धे कच्चे, कॅनॉलच्या कडेने गेलं तर कधी माती कधी दगड. पातळ टायरची रोड बाइक तिथे नको वाटते, आणि सरळ हँडलच्या एमटीबीवर दीड-दोन तास झाले की मनगटं दुखायला लागतात कारण हात ठेवायला एकच जागा असते, वर मोकळ्या रानात समोरून वारा आला की छातीवर घ्यावा लागतो.

ड्रॉप हँडलवर, म्हणजे रेसिंग सायकलच्या खाली वाकलेल्या हँडलवर, हात ठेवायच्या तीन-चार जागा मिळतात. वरचा सरळ भाग, ब्रेक लिव्हरच्या डोक्यावर म्हणजे हूडवर, आणि खाली वाकलेल्या भागात. नाशिककरांना ड्रॉप हँडलची ओळख वेगळी करून द्यायला नको, इथल्याच महाजन बंधूंनी, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र यांनी, २०१५ साली दोघांच्या टीममध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली. पण एमटीबीला ड्रॉप म्हटलं की लोकांना हा काहीतरी जुगाड वाटतो. तसं नाहीये. कॅलिफोर्नियात चार्ली कनिंगहॅम अ‍ॅल्युमिनियमच्या एमटीबी ड्रॉप हँडल लावूनच बनवायचा आणि जॅकी फेलन त्याच्याच सायकलवर ऐंशीच्या दशकात अमेरिकेची राष्ट्रीय चॅम्पियन झाली. १९८७ची ब्रिजस्टोन एमबी-१ कंपनीतूनच ड्रॉप हँडल घेऊन यायची. १९९० साली अमेरिकन एमटीबी रेसर जॉन टोमॅक रोड रेसिंगही करत होता, तर हाताची सवय मोडू नये म्हणून त्याने एमटीबीच्या शर्यतींतही ड्रॉपच वापरला.

आता मुद्द्याचं. हे काम बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच गोष्टीमुळे, लोक आधी हँडल विकत घेतात आणि मग ते बसवायचं कसं ते बघतात. हँडल ही शेवटून दुसरी खरेदी असायला पाहिजे. सगळ्यात आधी तुमचा हात सीटपासून किती लांब जाणार आहे ते ठरवा, मग स्टेम (हँडल सायकलला जोडणारा पुढचा तुकडा), मग ब्रेक, मग हँडल आणि शेवटी गिअर. या क्रमाने गेलात तर पैसे वाया जात नाहीत.

फ्रेम चालणार का

पुढे सस्पेन्शन असलेली सायकल याला घेऊ नका. आणि नव्वदच्या शेवटी-शेवटी आलेल्या फ्रेम सस्पेन्शनचा उंच चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) धरूनच बनवल्या होत्या, त्यात साधा आखूड चिमटा घातला की पुढची बाजू खाली बसते आणि हँडलिंग विचित्र होतं. म्हणून १९९५च्या आसपासची किंवा त्याआधीची, कंपनीतूनच साधा चिमटा असलेली फ्रेम बरी.

साइजचं मात्र नीट समजून घ्या. एमटीबीचा वरचा आडवा पाइप त्याच उंचीच्या माणसाच्या रोड बाइकपेक्षा लांब असतो आणि ड्रॉप हँडल तुमचा हात अजून पुढे नेतं. त्यामुळे तुम्हाला सरळ हँडलवर जी सायकल बरोब्बर होते ती ड्रॉप लावल्यावर लांब होते, आणि जी सरळ हँडलवर एक नंबर लहान वाटते ती ड्रॉपवर छान बसते. ओळखायची सोपी खूण म्हणजे सध्याचा स्टेम बघा. त्यावर १२०-१३५ मिलिमीटरचा लांबलचक स्टेम असेल (त्या काळी रेसिंग एमटीबीला तसेच यायचे) आणि तरी तुम्ही आरामात पोचत असाल तर फ्रेम चालेल, कारण स्टेम आखूड करायला भरपूर वाव आहे. आत्ताच ८०-९० मिलिमीटरचा स्टेम आहे आणि हात ताणले जातायत तर या फ्रेमचा नाद सोडा, तिला चांगलं मागे वळलेलं हँडल लावा आणि सुखात चालवा.

फ्रेमला गंज कुठे आहे तेही बघून घ्या. आपल्याकडे चार महिने पाऊस, सीटच्या पाइपमधून आत गेलेलं पाणी खाली बॉटम ब्रॅकेटमध्ये (पेडलचा आस बसतो तिथे) साचतं. सीटपोस्ट काढून टॉर्च मारा. वरवरचा गंज चालतो, पापुद्रे सुटत असतील तर नाही.

पोहोच मोजा

सायकल भिंतीला टेकवून उभी करा, चपटी पट्टी आणि कुणीतरी मदतीला घ्या. सीटची उंची आणि मागे-पुढे जागा आधी पायाच्या हिशोबाने पक्की करा आणि मग तिला हात लावू नका. हँडल लांब पडतंय म्हणून सीट पुढे ढकलायची हा उपाय नाहीये, त्याने गुडघे दुखतात आणि सगळं वजन मनगटांवर येतं.

आता सरळ हँडलवर नेहमीसारखे हात ठेवा आणि सीटच्या टोकापासून अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खोबणीपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. ड्रॉप लावल्यावर हूडवर हात ठेवाल तेव्हा हेच अंतर फार तर दोन-तीन सेंटिमीटर वाढलं पाहिजे. तेवढं चालतं कारण हूडवर तळवे एकमेकांकडे तोंड करून असतात, खांदे मोकळे राहतात.

आकडेमोड अशी. सरळ हँडल किंचित मागे वळलेलं असतं म्हणून १३० मिमीचा स्टेम असला तरी हात चिमट्याच्या वर येणाऱ्या दांड्यापासून साधारण ११० मिमी पुढे असतो. ड्रॉप हँडल पुढे ७०-८० मिमी जातं, त्यावर लिव्हरचा हूड अजून तीस-चाळीस मिमी. म्हणजे ५० मिमीचा स्टेम घेतलात तरी हात १५०-१७०वर जातो, चार ते सहा सेंटिमीटर पुढे. यातला काही भाग उंचीने परत मिळतो, कारण चिमट्याचा दांडा मागे झुकलेला असतो आणि स्टेम पाच सेंटिमीटर वर उचलला की हात दीड-एक सेंटिमीटर मागे येतो. म्हणून या कामाला स्टेम आखूड आणि उंच असा दोन्ही लागतो, ४० ते ६० मिमी, आणि हूड सीटच्या पातळीला किंवा तिच्याही थोडं वर येतील इतका उंच. रोड बाइकवाल्यांचे फोटो बघून हँडल खाली ठेवू नका. उंच ठेवलं तरच खालच्या भागात हात जातो आणि तिथे बराच वेळ राहतो, नाहीतर तो भाग फक्त शोभेचा.

स्टेम

जुन्या एमटीबीचा स्टेम क्विल असतो, म्हणजे चिमट्याच्या दांड्याच्या आत उतरलेला आणि खाली तिरक्या पाचरीने घट्ट झालेला. यात तीन मापं आहेत आणि दुकानात जायच्या आधी व्हर्निअरने मोजलंच पाहिजे. चिमट्याचा दांडा एक इंची असेल तर क्विल २२.२ मिमी, १ १/८ इंची असेल तर २५.४, आणि काही सायकलींत सव्वा इंची दांडा येतो त्याला २८.६. शेवटचं माप आपल्याकडे मिळणं अवघड, तशी फ्रेम असेल तर स्टेम हातात आल्याशिवाय बाकी काही घेऊ नका.

काढताना वरचा ६ मिमी अ‍ॅलन बोल्ट चार-पाच फेरे सैल करा, पूर्ण काढू नका, वर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीचा एक नेमका ठोका द्या. आत पाचर खाली सरकल्याचं हाताला कळतं. मग पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल डावी-उजवीकडे फिरवत वर ओढा. वर्षानुवर्षं न काढलेला अ‍ॅल्युमिनियमचा स्टेम स्टीलच्या दांड्यात अगदी चिकटून बसलेला असतो. मग गंज सोडवायचं तेल वरून आणि चाक काढून, सायकल उलटी करून चिमट्याच्या खालच्या भोकातूनही सोडा, रात्रभर राहू द्या, परत करा. दोन-तीन दिवस लागले तरी लागू द्या. लांब पाइप लावून जबरदस्ती फिरवलं की चिमटा वाकतो आणि मग सगळाच खेळ संपतो.

एक चांगली गोष्ट, चुडीवाल्या म्हणजे आट्यांच्या हेडसेटमध्ये (चिमटा ज्यात फिरतो ती बेअरिंगची जोडी) स्टेम काढला तरी बेअरिंग जागेवर राहतात, छर्रे बाहेर सांडत नाहीत. तरी एवढं उघडलंच आहे तर हेडसेट खोलून जुनं काळं ग्रीस पुसून नवीन भरून घ्या.

नवीन काय घ्यायचं? उंच आणि आखूड क्विल स्टेम, निट्टो कंपनीचा डर्ट ड्रॉप म्हणून जो येतो तो, दिसायला फारच देखणा, पण इथे दुकानात मिळत नाही आणि मागवायचा तर महाग पडतो. माझं स्पष्ट मत आहे की आपण क्विल अडॅप्टर घ्यावा. खाली २२.२ किंवा २५.४, वर २८.६, त्यावर आजकालचा कुठलाही थ्रेडलेस (दांड्यावर बाहेरून आवळला जाणारा) स्टेम बसतो. आखूड ४०-५० मिमीचे स्टेम आता सगळीकडे मिळतात कारण नवीन एमटीबीला तेच लागतात. वर पुढची प्लेट चार बोल्टची असल्यामुळे हँडलवर टेप पूर्ण गुंडाळलेला असतानाही ते काढता-घालता येतं. जुन्या एका बोल्टच्या स्टेममधून ड्रॉपचं वाकण सरकवताना हँडलवर जे ओरखडे उठतात ते बघवत नाहीत. अडॅप्टर थोडा जाडजूड दिसतो, हे खरंय. चालवताना तिकडे लक्ष जात नाही.

बसवताना आतल्या भागाला आणि पाचरीला ग्रीस लावा, पुढच्या पावसाळ्यात तुमचेच आभार मानाल. अडॅप्टरवर किंवा स्टेमवर कमीत कमी किती आत गेला पाहिजे याची रेघ असते, ती रेघ बाहेर दिसता कामा नये, उंची कमी पडली तरी चालेल. यात तडजोड नाही.

हँडल

इथे दोन मापं लोकांना फसवतात. पहिलं म्हणजे मध्यभागाची जाडी, जिथे स्टेम पकडतो. जुन्या एमटीबीचं सरळ हँडल तिथे २५.४ मिमी असतं, जुन्या रोडचं बहुतेक २६.०, आणि आत्ताचं ३१.८. अर्ध्या मिलिमीटरचा फरक काय धरायचा असं म्हणून २६.०चं हँडल २५.४च्या स्टेममध्ये ठोकलं की स्टेमला चीर जाते, आणि उलट केलं की कितीही आवळा, खड्ड्यात हँडल फिरतं. पत्र्याच्या डब्याचा तुकडा कापून मध्ये घालू नका. शिम (मध्ये घालायची मापाची पातळ पट्टी) विकत मिळतो, नाहीच मिळाला तर सातपूर-अंबडला लेथवाले आहेत, स्टेम आणि हँडल दोन्ही घेऊन जा आणि अ‍ॅल्युमिनियमचा नीट करून घ्या. थ्रेडलेस स्टेम घेतला असेल तर हँडलही ३१.८चंच घ्या, विषय संपला.

दुसरं माप म्हणजे हात धरतो तिथली जाडी. एमटीबीला २२.२, ड्रॉपला २३.८. म्हणून तुमचे जुने ब्रेक लिव्हर आणि शिफ्टर (गिअर बदलायचे) ड्रॉपवर बसणार नाहीत, सायकलवरून काढलेलं सामान परत वापरायचा हिशोब धरू नका. क्लँप वाकवून बसवणारे लोक बघितलेत, ब्रेकच्या बाबतीत तरी असलं काही करू नका.

बाकी निवड सोपी आहे. पुढे ७०-७५ मिमीपेक्षा जास्त न जाणारं, खाली ११५-१२५ मिमीच उतरणारं, आणि खालची टोकं बाहेर फाकलेली. हल्ली ग्रॅव्हलचं म्हणून जे हँडल विकतात ते याच कामाचं. फाकलेलं असलं की कच्च्या उतारावर हात रुंद राहतात आणि सायकल ताब्यात राहते. रुंदी ४४-४६ सेंटिमीटर, खांदे बारीक असतील तर ४२. आखूड स्टेममुळे स्टीअरिंग थोडं चपळ होतं, रुंद हँडलने ते सावरलं जातं.

ब्रेक, आणि इथे घाई नको

या अख्ख्या कामात जीवाशी संबंध आहे तो इथेच. रोडचे लिव्हर केबल कमी ओढतात. कॅन्टिलिव्हर आणि साइडपुल कॅलिपरला तेवढीच ओढ पुरते, म्हणजे तुमच्या सायकलला जुने कॅन्टिलिव्हर असतील तर साधे ड्रॉपचे लिव्हर सरळ लागतात. व्ही-ब्रेक असतील तर मात्र लागत नाहीत. व्ही-ब्रेकचा हात लांब असतो, त्याला जास्त केबल लागते, साध्या लिव्हरने पॅड रिमला जेमतेम लागतात तोवर लिव्हर हँडलला टेकतो. त्यासाठी जास्त ओढीचे वेगळे लिव्हर येतात, टेक्ट्रोचे आरएल ५२० हे त्यातले सहज माहीत असलेले. नाहीतर ब्रेक बदला, ८०-९० मिमी हाताचे मिनी-व्ही लावा किंवा सरळ जुने कॅन्टिलिव्हर शोधा. जास्त ओढीचे लिव्हर कॅन्टिलिव्हरला लावायची चूकही करू नका, लिव्हर हाताला एकदम कडक लागतो, वाटतं ब्रेक मस्त आहे, आणि सायकल थांबतच नाही.

आता एक गोष्ट जी जोडायला बसल्यावरच लक्षात येते. कॅन्टिलिव्हरला पुढच्या केबलचं आऊटर (बाहेरची नळी) अडवायला वर एक थांबा लागतो. जुन्या एमटीबीत तो बऱ्याचदा स्टेममध्येच असतो, एक भोक किंवा छोटी चकरी. तुम्ही स्टेम बदलला की तो गेला! म्हणून हेडसेटच्या लॉकनटखाली बसणारा केबल हँगर आधीच आणून ठेवा, किंवा चिमट्याच्या मुकुटाला (दोन पाय वर जुळतात तिथे) पुढे भोक असेल तर तिथे बसणारा घ्या. मुकुटावरचा जास्त चांगला, कारण वरून येणारी केबल लांब असली की ब्रेक दाबल्यावर चिमटा मागे लवतो, केबल अजून ताणली जाते, आणि पुढचं चाक थडथड करतं. खालच्या हँगरने ते बरंच कमी होतं.

ब्रेकच्या दोन्ही हातांना जोडणारी आडवी स्ट्रॅडल वायर जितकी खाली आणि सपाट ठेवाल तितका जोर जास्त मिळतो पण पॅड तितकेच कमी हलतात, वर उचलली की उलट. रिम सरळ असेल तर खाली ठेवा, पण टायरपासून लांब, आणि मागे-पुढे मडगार्ड किंवा रिफ्लेक्टरचा ब्रॅकेट राहू द्या म्हणजे केबल तुटली तर ती वायर टायरच्या गोट्यांत अडकून चाक जॅम होणार नाही. पॅडचं पुढचं टोक रिमला मिलिमीटरभर आधी लागेल असं तिरकं करा, किंचाळायचं थांबतं.

केबलचं डोकंही वेगळं असतं. एमटीबीच्या इनरचं (केबलच्या आतल्या वायरचं) डोकं आडव्या पिंपासारखं, रोडचं पेरूच्या आकाराचं. काही इनरना दोन्ही टोकांना दोन प्रकारची डोकी असतात, नको ते कापायचं. पिंपाचं डोकं रोडच्या लिव्हरमध्ये कसंबसं कोंबलं तर भर उतारावर सुटू शकतं. आणि ब्रेकला गिअरचं आऊटर कधीही घालू नका. गिअरच्या आऊटरमध्ये तारा उभ्या असतात, ब्रेकच्या जोराने ते फुटतं. ब्रेकचं आऊटर स्प्रिंगसारखं गुंडाळलेल्या तारेचं असतं, कापून बघितलं की लगेच ओळखू येतं.

कुठल्या हाताला कुठला ब्रेक? आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा, गाडीसारखा. तेच ठेवा. घाबरल्यावर हात सवयीनेच चालतो.

भारतीय रेंजर टाइप सायकल असेल आणि रिम स्टीलचे असतील तर माझं ऐका, ड्रॉपच्या आधी अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर पैसे घाला. ओल्या स्टीलच्या रिमवर रबर पकडतच नाही आणि नाशिकचा जुलै तुम्हाला माहितीये.

गिअर

सिंगल स्पीड असेल तर हा भाग सोडून द्या.

तीन रस्ते आहेत. मला सगळ्यात आवडतो तो बार-एंड शिफ्टर, हँडलच्या टोकात आत बसणारा छोटा दांडा. यात काही बिघडण्यासारखं नाही, आणि शिमानोच्या जुन्या ८ आणि ९ स्पीडच्या बार-एंडमध्ये उजवीकडे क्लिकवाला आणि बिनक्लिकचा असे दोन्ही मोड आहेत. डावीकडचा मुळात बिनक्लिकचाच, त्यामुळे पुढचा एमटीबी ट्रिपल (तीन चकत्यांचा) डिरेलर, म्हणजे चेन सरकवणारा भाग, जसा आहे तसा चालतो. ७ स्पीडच्या मागच्या चकत्या एकमेकांपासून ५.० मिमीवर आणि ८ स्पीडच्या ४.८वर असतात, म्हणून ८चा शिफ्टर ७ला जवळजवळ जमतो, थोडी कुरकुर वाटली तर बिनक्लिकच्या मोडवर टाका. बसवताना लक्षात ठेवा, शिमानोच्या बार-एंडचा आतला बोल्ट उलट्या आट्याचा असतो, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की घट्ट होतो. सरळ दिशेने जोर लावत बसू नका.

दुसरा रस्ता ब्रेक आणि गिअर एकत्र असलेले एसटीआय लिव्हर. चांगली बातमी अशी की शिमानोचे रोड आणि एमटीबीचे मागचे डिरेलर ९ स्पीडपर्यंत एकाच ओढीचे आहेत (जुन्या ड्युरा-एसचा अपवाद), म्हणजे शिमानोच्या क्लॅरिसचा ८ स्पीड लिव्हर जुन्या एमटीबीच्या मागच्या डिरेलरला व्यवस्थित चालवतो. ७ स्पीडसाठी टूर्नीचे येतात, अगदी साधे आहेत पण काम करतात. अडचण येते पुढच्या डिरेलरला, रोडच्या लिव्हरची ओढ एमटीबीच्या पुढच्या डिरेलरशी जुळत नाही. मग पुढे एकच चकती ठेवा नाहीतर रोडचा पुढचा डिरेलर लावून बघा. १० स्पीडच्या एमटीबी डिरेलरला हे काहीच लागू नाही, तिथे ओढ बदलली.

तिसरा रस्ता म्हणजे जुने थंब शिफ्टर हँडलवर बसवायचे. २२.२ आणि २३.८चं कोडं इथे परत येतं, वेगळे माउंट मिळतात, पण इतकी खटपट करण्यापेक्षा बार-एंड घ्या.

जमत असेल तोवर पुढच्या तिन्ही चकत्या मात्र काढू नका. जुन्या एमटीबीची ती २६-२८ दातांची लहान चकती हीच तर तिची खरी श्रीमंती आहे, सावळघाट असो नाहीतर गडाचा चढ, रोड बाइकवाले उभे राहून ढकलत असताना तुम्ही बसून वर जाता.

जोडणी

स्टेम बसवला, हँडल मध्ये धरलं, प्लेटचे चार बोल्ट फुलीच्या क्रमाने थोडे-थोडे आवळा, वर-खाली फट सारखी राहिली पाहिजे. स्टेमवर आकडा छापलेला असतो, बहुतेक ५ न्यूटन मीटरच्या आसपास, टॉर्कचा पाना नसेल तर कुणाकडून मागून आणा. हँडल असं फिरवा की वरून हूडपर्यंतचा भाग जवळजवळ सपाट येईल आणि खालची टोकं किंचित मागच्या चाकाकडे उतरतील.

लिव्हर अजून पक्के करू नका. आधी सायकलवर बसा, डोळे मिटून हात हूडवर टाका, मनगट सरळ राहतंय का बघा. मग खाली ड्रॉपमध्ये हात नेऊन दोन बोटं लिव्हरला पोचतात का बघा. दोन्ही जमलं की आवळा. दोन्ही बाजू सारख्या आल्या का हे बघायला हँडलच्या खालच्या टोकांवर एक सरळ पट्टी धरा.

आऊटर कापताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, कुठे ताणलं जाता कामा नये. कापलेलं टोक कानशीने सपाट करा, आतली चेपलेली नळी सुईने उघडा, आणि प्रत्येक टोकाला टोपी घाला. हँडल उंच झाल्यामुळे जुनी आऊटर बहुतेक कमीच पडतात, सगळी नवीनच घ्या. अजून एक, एमटीबीच्या जुन्या लिव्हर-शिफ्टरवर ताण कमी-जास्त करायचा स्क्रू असायचा, ड्रॉपच्या लिव्हरवर नसतो आणि एमटीबीच्या फ्रेमच्या थांब्यांवरही नसतो. म्हणून पुढच्या गिअरच्या आणि दोन्ही ब्रेकच्या केबलमध्ये मधेच बसणारे अ‍ॅडजस्टर टाका, नाहीतर प्रत्येक वेळी पक्कड घेऊन बसावं लागेल.

टेप सगळ्यात शेवटी. खरं तर आठवडाभर टेप न लावता, आऊटर नुसतं चिकटपट्टीने बांधून चालवा, लिव्हर वर-खाली करावेसे वाटणारच आहेत. पक्कं झालं की खालच्या टोकापासून सुरुवात करा, मागे उभं राहून बघितलं तर उजवीकडे घड्याळाच्या दिशेने, डावीकडे उलट, म्हणजे हाताच्या जोराने टेप आवळत जातो. ताण देत, एक-तृतीयांश चढवत वर जा. बार-एंड असेल तर त्याची केबल टेपखालून घ्या. कच्च्या रस्त्यासाठी टेपखाली वरच्या भागात जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवला तर हाताला फार बरं पडतं.

पहिल्यांदा बाहेर काढताना

घरापाशीच पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. हूडवर पूर्ण वजन टाकून दाबा, हँडल एक मिलिमीटरही खाली फिरता कामा नये. पुढचं चाक पायांत धरून हँडल जोरात वळवा, स्टेम सरकला तर पाचर अजून आवळा. हे तिन्ही पास झालं की सकाळी लवकर गंगापूर रोडला, रहदारी नसताना, सोमेश्वरपर्यंत जाऊन या. घाटात लगेच नेऊ नका. नवीन आऊटर टोप्यांत बसतात, केबल सैल झाल्यासारखी वाटते, पहिल्या आठवड्यात परत ताणून घ्या आणि सगळे बोल्ट एकदा परत बघा.

टायर १.७५ ते २ इंची, मध्ये गुळगुळीत आणि कडेला थोडे दात असलेले, हवा ४०-५० पीएसआय. घेताना टायरवर ५५९ छापलंय ना बघा, २६ गुणिले १ ३/८ हा वेगळा टायर आहे, तो या रिमवर चढत नाही.

मग महिनाभर चालवून हात स्वतःहून कुठे जातात त्याच्याकडे लक्ष ठेवा. सारखे वरच्या सरळ भागावर येऊन बसत असतील आणि हूडवर गेलं की मान आखडत असेल तर स्टेम अजूनही लांब आहे, दहा-वीस मिमी आखूड घ्या. हूडवर बसल्यावर गुडघे कोपरांजवळ येतायत, कोंडल्यासारखं होतंय तर दहा मिमी लांब. खालच्या भागात जावंसंच वाटत नाही तर हँडल वर घ्या. अडॅप्टर आणि चार बोल्टचा स्टेम असेल तर हे बदल टेप न सोडता होतात, फक्त उंची वाढवली तर केबलला तेवढी ढील आहे का ते आधी तपासा, विशेषतः पुढच्या ब्रेकच्या.